‘अमेरिकन विंग’ : एका संग्रहाची सीमारेखा

न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टची स्थापना १८७० सालची. तथापि अमेरिकेची जुनी गृहकला स्वतंत्र दालनात मांडण्याच्या योग्यतेची आहे, हे या संस्थेला पटण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. १९०९ साली हडसन-फुल्टन उत्सवानिमित्त वसाहतकालीन लाकडी सामान, चांदीची भांडी व तत्सम वस्तूंचे प्रदर्शन भरविण्यात आले. ती वस्तुतः एक चाचणी होती. प्रेक्षकांनी ती उचलून धरली आणि त्यातूनच १० नोव्हेंबर १९२४ रोजी ‘अमेरिकन विंग’ हे दालन खुले झाले. वॉल स्ट्रीटवरील पाडलेल्या एका बँकेचा जपून ठेवलेला संगमरवरी दर्शनी भाग या दालनाला जोडण्यात आला. आत जुन्या घरांतील खोल्या जशाच्या तशा उभ्या केल्या गेल्या.

दालनाचे दाते संग्रहालयाचे तत्कालीन अध्यक्ष रॉबर्ट डी फॉरेस्ट व त्यांच्या पत्नी एमिली हे होत. याच रॉबर्ट यांनी आपले बंधू लॉकवुड यांच्यासह १९१६ साली गुजरातमधील पाटण येथील जैन मंडपाचे कोरीव काष्ठशिल्प संग्रहालयाला दिले होते. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने बहुतांश भारतीय स्थलांतरितांना अमेरिकेचे दार बंद झाले. मंडपाला मिळालेला प्रवेश मंडप घडविणाऱ्यांच्या देशबांधवांना मात्र नाकारला गेला.

ही विसंगती आकस्मिक नव्हे. १९२४ हे कठोर स्थलांतर कायद्याचेही वर्ष होते. दालनाच्या उभारणीतील अग्रणी आर. टी. एच. हॅल्सी यांच्या मते परकीय विचारांच्या लाटेपासून प्रजासत्ताकाच्या संस्थापकांची परंपरा जपणे हे या दालनाचे कार्य होते. खुर्च्या-कपाटांच्या मांडणीला असा राजकीय आशय होता. त्याच वर्षी मूलनिवासींना कायद्याने नागरिकत्व मिळाले, पण अमेरिकन कलेच्या या घरात त्यांना स्थान मिळाले नाही. त्यांच्या वस्तू पुढे आफ्रिका व ओशनियाच्या कलेसोबत, वेगळ्या विभागात ठेवल्या गेल्या. मूलनिवासी कलेचे पहिले प्रदर्शन या दालनात भरले ते २०१८ साली, डायकर संग्रहाच्या निमित्ताने.

वास्तविक ‘अस्सल अमेरिकन’ ही कल्पना संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध चित्रापुढेही टिकत नाही. इमॅन्युएल लॉइट्झ यांचे डेलावेअर नदी ओलांडणाऱ्या वॉशिंग्टनचे सुमारे साडेसहा मीटर रुंदीचे चित्र १८५१ साली जर्मनीत, ड्युसेलडॉर्फ येथे पूर्ण झाले. प्रसंग १७७६ च्या डिसेंबरातला. नावेतला तारे-पट्ट्यांचा ध्वज मात्र १७७७ साली स्वीकारलेला.

अधिक बोलके उदाहरण एका लहान चित्राचे आहे. सुमारे १८३७ साली न्यू ऑर्लिन्समधील फ्रे या व्यापारी कुटुंबाच्या तीन मुलांचे चित्र काढण्यात आले. ते जाक आमान्स या फ्रेंच चित्रकाराचे मानले जाते. मुलांच्या मागे, झाडाला टेकून, हातांची घडी घालून बेलिझेर हा पंधरा वर्षांचा गुलाम मुलगा उभा आहे. गुलामाची अशी नाव सांगता येणारी, व्यक्तिमत्त्व असलेली प्रतिमा त्या काळात दुर्मीळच. एकोणिसावे शतक सरताना कोणीतरी त्याच्यावर रंग चढवून त्याला आकाशात व झाडाझुडपांत मिसळून टाकले. १९७२ साली हे चित्र न्यू ऑर्लिन्सच्या कलासंग्रहालयात आले, तेथे कोठारात पडून राहिले आणि २००५ साली विकले गेले. त्यानंतर वरचा रंग काढला गेला. जुन्या दस्तऐवजांच्या शोधातून मुलाचे नाव कळले, तसेच १८५६ साली त्याला ऊसमळ्यावर विकल्याचीही नोंद हाती आली. २०२३ मध्ये मेट्रोपॉलिटनने हे चित्र आपल्या अमेरिकन विंगसाठी घेतले.

पुसणाऱ्याचे नाव अज्ञात आहे. त्याचा हेतू तर्कानेच जाणावा लागतो. मात्र बत्तीस वर्षे चित्र जपूनही रंगाखाली काय आहे ते पाहण्याची निकड संस्थेला वाटली नाही, ही गोष्ट पुसण्याच्या कृतीइतकीच अभ्यासनीय ठरते. चित्र स्वच्छ झाले असले तरी बेलिझेरच्या आकृतीभोवती जुन्या रंगलेपनाची पुसट खूण निरखून पाहणाऱ्याला आजही जाणवते.