कोडगपाला, कुडा आणि एक प्रमाणपत्र

जुन्या दप्तरांत जमाखर्चाच्या कोऱ्या पाठीवर औषधांचे उतारे टिपलेले आढळतात. संग्राहक बहुधा ते बाजूस ठेवितात. मिति व मोर्तब नसलें कीं कागद निकामी, अशी समजूत रूढ आहे. ती आम्हांस मान्य नाहीं.

डच अधिकारी हेंद्रिक व्हान ऱ्हेडे यानें सिद्ध करविलेला ‘होर्तुस मलबारिकुस’ हा ग्रंथ अ‍ॅम्स्टरडॅम येथें इ. स. १६७८ ते १६९३ या काळांत बारा भागांत छापला गेला. पहिल्या भागाच्या आरंभीं रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोचीनच्या तिघां कोंकणी वैद्यांचें ता. २० एप्रिल १६७५ चें प्रमाणपत्र नागरी लिपींत आहे. ‘महानिघंटु’ नामक ग्रंथावरून दोन वर्षें सकाळ-सायंकाळ खपून आपण वनस्पतींची माहिती दिली, असें ते त्यांत सांगतात. इट्टी अच्युतन् या मलयाळी वैद्याचीही साक्ष तेथेंच आहे. एवढ्या काळजीनें साक्षीदारांचीं नांवें जपणारा ग्रंथ विरळा!

याच भागांतील ‘कोडगपाला’ म्हणजे आपला पांढरा कुडा. याची साल आमांशावर देत. पुढें १७५३ मध्यें लिनेअसनें ऱ्हेडेचें हें झाड व सिंहलद्वीपांतील एक निराळें झाड एकाच नांवाखालीं घातलें. ‘आमांशनाशक’ या अर्थाचें तें लॅटिन विशेषण आज त्या सिंहली झाडाकडेच राहिलें आहे! बाजारांतही पांढऱ्याच्या सालींत काळ्या कुड्याची साल मिसळे, आणि गुण न आल्यामुळें खऱ्या औषधाची पत गेली. पांढऱ्याच्या सालींतील ‘कोनेसीन’ हें कडू क्षारद्रव्य १८५८ मध्यें हेन्सनें वेगळें काढलें.

सारांश, घोंटाळा पंडितांनीं व व्यापाऱ्यांनीं केला. आमच्या गृहिणींनीं नव्हे. त्या ‘कडू इंद्रजव’ व ‘गोडे इंद्रजव’ असा भेद बोलण्यांत राखीत आल्या. पहिले पांढऱ्याचे बीं, दुसरे काळ्याचे. म्हणून बाडांतील उतारा छापतांना ‘पांढरा’, ‘काळा’, ‘कडू’, ‘गोडे’ हीं विशेषणें क्षुल्लक समजून गाळूं नयेत, व नुसतें ‘कुडा’ असेल तेथें संपादकानें आपल्या पदरचें लॅटिन नांव जोडूं नये. झाडाचीच शंका असल्यास शेंगा पाहाव्या : दोन्ही झाडांस त्या जोडीनें येतात, परंतु काळ्याच्या कोवळेपणीं टोंकाशीं जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या.