देवगिरीचें वैद्यक आणि हेमाद्रीची अपूर्ण टीका

अर्बुद म्हणजेच कर्करोग, असें समीकरण हल्लीं सर्रास मांडलें जातें. छत्रपति संभाजीनगरांत १९५६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कर्करोगासाठीं निराळें रुग्णालयही आहे. आणि तेथून वायव्येस अगदीं जवळ असलेल्या देवगिरीस तेराव्या शतकांत वैद्यकाचें मोठें लेखन झालें. तेव्हां त्या लेखनाचा आधार या समीकरणास कितपत मिळतो, हें पोथ्यांवरूनच तपासलें पाहिजे.

प्रथम हाडांविषयीं. सिंघण यादवाच्या (१२१०–१२४७) आश्रयाचा शार्ङ्गदेव संगीतज्ञ म्हणून सर्वांस ठाऊक आहे. त्याचा आजा भास्कर काश्मीरांतून दक्षिणेंत आला. बाप सोढल यादवांच्या पदरीं होता. रोगार्तांचें दुःख आपण रसायनांनीं हरण केलें, असें शार्ङ्गदेव स्वतःच सांगतो. त्यामुळें ‘संगीतरत्नाकरा’च्या पहिल्याच अध्यायांत पिंडोत्पत्तीचें प्रकरण आहे याचें नवल वाटावयास नको. तेथें तो शरीरांतील हाडें ३६० सांगतो, आणि लगेच धन्वंतरीच्या मतें तीं ३०० असल्याचेंही नमूद करतो. पहिली गणना चरकाची, दुसरी सुश्रुताची. आजचे शारीरविद् प्रौढ मनुष्याचीं हाडें २०६ मानतात. पण या तफावतीवरून प्राचीनांस हंसण्याचें कारण नाहीं. दांत, नखें व तरुणास्थि यांची गणना हाडांतच केल्यानें संख्या वाढते, हें रुडॉल्फ हर्नले यांनीं १९०७ सालीं सविस्तर दाखविलें आहे. दोन परंपरांपैकीं एकीस खोटें न ठरवितां शार्ङ्गदेवानें दोन्ही नोंदविल्या, हें मला विशेष मोलाचें वाटतें.

अर्बुदाची गोष्ट अधिक अवघड. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिणारा हेमाद्रि हा महादेव व रामचंद्र या यादवांचा मंत्री. परंतु निर्णयसागरच्या १९३९ च्या आवृत्तींत ही टीका सूत्रस्थान व कल्पस्थान यांवर आहे, निदान व चिकित्सा या स्थानांच्या कांहीं भागांवरच आहे, आणि उत्तरस्थानावर मुळींच नाहीं. फुप्फुसांच्या क्षयाशीं जुळणारा राजयक्ष्मा निदान व चिकित्सा यांत येतो. पण भग्न अस्थींचा सत्ताविसावा अध्याय आणि अर्बुदाचा एकोणतिसावा, हे दोन्ही उत्तरस्थानांतले! ज्या दोन जागीं हेमाद्रीचा अभिप्राय हवा, नेमक्या त्याच रिकाम्या.

वाग्भटाचें मूळ म्हणणें असें कीं, ग्रंथीहून मोठें तें अर्बुद. त्याचे प्रकार सहा. त्यांपैकीं रक्तज व मांसज असाध्य. पुन्हा किंवा जोडीनें उद्भवणाऱ्या अर्बुदांस सुश्रुत निराळीं नांवें देतो. हीं लक्षणें कर्करोगाशीं कांहीं अंशीं जुळतात, यांत शंका नाहीं. तथापि चरबीच्या निरुपद्रवी गांठीसारखें भासणारें, साध्य असें मेदोज अर्बुदही त्याच नांवाखालीं येतें. सबंध शब्दाचाच अर्थ कर्करोग करणें हें मूळ ग्रंथास सोडून आहे.

संग्राहकांच्या दप्तरांत ‘वाग्भट सटीक’ एवढ्याच नांवानें नोंदलेली पोथी असल्यास तिच्या उत्तरस्थानाचीं पानें प्रथम उघडावीं. टीका अरुणदत्ताची ‘सर्वांगसुंदरा’ असेल तर ती मुद्रित आहेच. अध्यायाच्या पुष्पिकेंत हेमाद्रीचें नांव आढळल्यास मात्र सत्तावीस व एकोणतीस या अध्यायांची नक्कल आधीं करून घ्यावी, पोथी मग बांधावी.