मिसळीतून मिरची काढली तर?

आजचा भाग उपाशीपोटी ऐकू नका. वाचत असाल तर वाचूही नका.

झालं असं, की आमच्या सोसायटीत मिसळ स्पर्धा ठरली. नाशकात मिसळ स्पर्धा म्हणजे काय, हे नाशिककरांना सांगायला नको. रविवारी सकाळी पंचवटी असो की गंगापूर रोड, माणसं मिसळीच्या टेबलासाठी रांगेत उभी असतात, आणि 'आपली' मिसळ कुठली यावरून सख्खे भाऊ भांडतात. मीही नाव दिलं. मग लिफ्टमध्ये नियमांचा कागद लागला. नियम तिसरा: 'मिसळ पूर्णपणे पारंपरिक असावी. बाहेरचे घटक चालणार नाहीत.'

लिहिणाऱ्याच्या मनात चीज आणि मेयोनीज असणार, हे मलाही कळत होतं. पण इतिहासाचा पॉडकास्ट करणाऱ्या बाईला असं वाक्य दाखवायचं नसतं. मी वही घेऊन बसले आणि बाहेरचं एकेक खोडत गेले. बटाटा? हा शब्दच पोर्तुगिजांचा. पाव? तोही त्यांचाच. टोमॅटो आणि शेंगदाणे मूळचे दक्षिण अमेरिकेतले. उरलं काय, तर मटकी, कांदा, लसूण, आलं, खोबरं, धणे-जिरे, डाळीच्या पिठाची शेव, दही. चला, मिसळ अजून जिवंत होती. मग मिरचीपाशी आले आणि पेन थांबलं.

मिरची आपली नाही. हे तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल, पण त्याचा अर्थ लक्षात घ्या. १४९२ साली कोलंबस निघाला होता मिऱ्यांच्या देशाच्या शोधात. पोचला भलतीकडे. तिथल्या लोकांच्या जेवणात लाल, झणझणीत फळ दिसलं, आणि त्याने त्यालाही मिऱ्याचंच नाव चिकटवलं. इंग्रजीत दोघांनाही आजवर पेपर म्हणतात. गंमत म्हणजे आपणही तेच केलं! संस्कृतात मरिच, मराठीत मिरी, आणि त्यावरूनच मिरची. १४९८ ला वास्को द गामा कालिकतला आला, १५१० ला पोर्तुगिजांनी गोवा घेतला, आणि सोळाव्या शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्या काळात इथे कोणाच्याही ताटात मिरची नव्हती. ना ठेचा, ना तिखटाची फोडणी.

मग तेव्हा लोक सपक जेवायचे का? अजिबात नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात राजाच्या जेवणावर अख्खं प्रकरण आहे, आणि तिथे तिखटपणा येतो तो मिरी-आल्यासारख्या मसाल्यांतून. अकबराच्या मुदपाकखान्याची नोंद 'आईन-ए-अकबरी'त आहे, तिथेही मिरीच. आपल्या वैद्यांचं त्रिकटू म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी.

तर मी ठरवलं, स्पर्धेआधी घरी एक पातेलं बिनमिरचीचं करून बघायचं. रविवार कारंज्याला काष्ठौषधींच्या दुकानातून पिंपळी आणली. (दुकानदाराने विचारलं, "खोकला कोणाला झालाय?") मटकीला मोड आणले. कांदा थेट गॅसवर काळा होईपर्यंत भाजला. सुकं खोबरं, धणे, दगडफूल, लवंग भाजून वाटण केलं. नेहमीच्या काळ्या मसाल्यासारखंच सगळं, फक्त लाल मिरच्यांच्या जागी भरपूर मिरी आणि पिंपळी.

चव? खरं सांगते, छान होती. तिखटही होती. मिरीतलं पायपरिन आणि मिरचीतलं कॅप्सेसिन हे दोन्ही आपल्या जिभेवरचं एकच कुलूप उघडतात. उष्णतेची जाणीव करून देणारा हा ग्राही डेव्हिड ज्युलियस यांनी कॅप्सेसिन वापरूनच शोधला, आणि २०२१ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. जीभ भाजत नसते, तिला फक्त तसं वाटतं. फरक एवढाच, की मिरीचा जाळ लगेच लागतो आणि नाकाकडे चढतो. पिंपळी उशिरा येते आणि घशाशी रेंगाळते.

पण आईने पातेल्यात डोकावून विचारलं, "तर्री कुठंय?"

तिथेच सगळं अडलं. वर तेल होतं, पण पिवळट. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. तिचा जाळही तेलातच विरघळतो. म्हणून मिसळीवर तो लाल तवंग चढतो आणि रंग, तिखटपणा, सगळं त्याच्यावर तरंगत येतं. मिरी तिखटपणा देते, रंग देत नाही. माझी मिसळ दिसत होती काढ्यासारखी. भावाने तर दोन घास खाऊन "सर्दी गेली" म्हणून चमचा खाली ठेवला.

मिरची इथे जिंकली त्याचं मोठं कारण मात्र रंग नाही, पैसा आहे. मिरीच्या वेलीला मलबारसारखं दमट हवामान लागतं. नाशिकसारख्या देशावरच्या गावात ती पिकत नाही, ती बाहेरूनच यायची, घाट चढून, प्रत्येक टप्प्यावर महाग होत. आणि मिरची? घरामागे दोन रोपं लावा, वाळवा, वर्षभर पुरवा. कोरड्या दख्खनेत ती मजेत वाढते. आज नंदुरबारचा मिरची बाजार देशातल्या मोठ्या बाजारांत मोजला जातो. ज्याला मिरी परवडत नव्हती त्याच्याही भाकरीवर आता तिखट आलं. माझ्या मते आपल्या स्वयंपाकाच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी उलथापालथ, आणि तिची तारीख कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही.

तर स्पर्धेत मी मिरची घातली. रंगाला ब्याडगी, जाळाला लवंगी, आणि तळाला थोडी मिरी-पिंपळी, हट्ट म्हणून. शेजारी पाटी लावली: 'मटकी: इथलीच. मिरची: अमेरिका, मार्गे गोवा.' परीक्षक काकांनी पाटी दोनदा वाचली आणि पारंपरिकतेत मला दहापैकी चार दिले!

पण मी हरले ते पाटीमुळे नाही. एकूण चौदा वाडगे होते आणि माझा नंबर अकरावा. कॅप्सेसिनचा मारा सतत झाला की तोच ग्राही थकतो, जीभ बधिर होते. चार-पाच जहाल मिसळींनंतर परीक्षकांना माझी पिंपळी काय कळणार? हे नवीनही नाही. अमेरिकेत टेक्सासच्या वाळवंटात टर्लिंग्वा नावाचं ओसाड गाव आहे. १९६७ मध्ये तिथे चिलीची गाजलेली स्पर्धा झाली. चिली म्हणजे त्यांचा मांस आणि सुक्या मिरच्यांचा दाट रस्सा. टेक्सासचा विक फाउलर विरुद्ध न्यूयॉर्कचा लेखक एच. ॲलन स्मिथ. भांडण कशावरून, तर चिलीत कडधान्य घालायचं की नाही! (मटकीशिवाय मिसळ म्हणणाऱ्याला आपण गावाबाहेर काढू. टेक्सासवाले घेवडा घालणाऱ्याला काढतात.) पहिल्या दोन परीक्षकांची मतं एक-एक अशी फुटली. तिसऱ्याने घास घेतला आणि माझी जीभच कामातून गेली म्हणून जाहीर केलं. सामना बरोबरीत सुटला.

आमच्याकडे जिंकल्या तळमजल्याच्या काकू. त्यांचा नंबर तेरावा, माझ्याहून वाईट. त्यांनी उसळ सौम्य ठेवली होती, आदल्या रात्री शिजवून मुरवलेली. तर्री वेगळ्या वाटीत, बाजूला घट्ट दही आणि भाजलेला पापड. परीक्षक आधी दह्यावर तुटून पडले, कारण पाण्याने हा जाळ जात नाही, दह्यातली प्रथिनं तो ओढून घेतात. जीभ ताळ्यावर आल्यावर मग ज्याने त्याने झेपेल तेवढी तर्री ओतून घेतली. तर्रीचा रंग तर असा, की मी फोटो काढला. कसा आला विचारलं, तर म्हणाल्या, "गॅस बंद कर, तेल जरा निवू दे, मग तिखट घाल. उकळत्या तेलात घातलंस की जळून काळं पडतं. आणि तुझी मिसळ अकरावी होती ना? अगं, मी यादी बघूनच दही जास्त लावलं."

त्यांच्या पाटीवर लिहिलं होतं, 'पूर्वापार चालत आलेली मिसळ'. पारंपरिकतेत दहापैकी दहा.

संध्याकाळी काकू डबा घेऊन वर आल्या. म्हणाल्या, "ती तुझी काढ्यासारखी मिसळ केलीस म्हणे, मिरचीशिवायची. उरली असेल तर दे थोडी. आमच्या ह्यांना डॉक्टरांनी तिखट बंद केलंय." मी म्हटलं, काकू, त्यातही तिखटच आहे. तर म्हणाल्या, "असू दे. लाल नाही ना दिसत?"

पुढच्या भागात पाव. तोवर शेव जपून ठेवा.