बोली आमची, नोंद कोणाची?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रदेशातील आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा आणि सौंसर मात्र छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिले. सीमानिश्चितीसाठी फाजल अली आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हाच घटक मानला, गाव नव्हे. मोजण्याचे माप कोणाच्या हाती आहे, यावर भाषिक समाजाचे भवितव्य ठरते, हा धडा आम्ही सीमावासी तेव्हाच शिकलो. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या निमित्ताने तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे.

या प्रदेशाच्या बोलींची नोंद परक्यांनी घेण्याचा इतिहास जुना आहे. नागपुरात राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांचे लिंगो-गीत प्रधान गायकाकडून टिपून घेतले. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी ते प्रसिद्ध केले. ग्रंथावर नावे आली ती या दोघांची. गीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या ते गाणाऱ्या समाजाचे होते. पुढे ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली निघाला. बोलींचे नमुने सरकारी अधिकाऱ्यांमार्फत मागवले गेले आणि मुख्य नमुना होता बायबलमधील उधळ्या मुलाच्या कथेचा. या ग्रंथांचे ऋण आम्ही मान्य करतो. तथापि काय टिपावे, त्याला कोणते नाव द्यावे आणि ते कोठे ठेवावे, हे बोलणाऱ्यांनी ठरवले नव्हते.

आता टिपणवहीची जागा ध्वनिमुद्रणाने घेतली आहे. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमात ‘भाषादान’ या नावाने नागरिकांकडून आवाज मागितला जातो. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि गूगल यांच्या ‘वाणी’ प्रकल्पात देशभरातून जिल्हावार बोली गोळा होत आहे. हेतू चांगला असू शकतो. पण ‘मी जाऊन राहिलो’, ‘मले सांग’ असे बोलणाऱ्या आमच्या माणसाच्या आवाजावर केवळ राज्य पाहून ‘हिंदी’ अशी चिठ्ठी लागली, अथवा यंत्राने ‘मी जात आहे’ अशी दुरुस्ती केली, तर त्याविरुद्ध दाद कोठे मागावी? जनगणनेचा अनुभव डोळ्यांसमोर आहे. २०११ साली हिंदीच्या ५२ कोटींहून अधिक संख्येत भोजपुरी, राजस्थानी व छत्तीसगढी बोलणारेही धरले गेले होते.

न्यूझीलंडच्या माओरी समाजाने यावर वाट काढली. ‘ते हिकू मीडिया’ या त्यांच्या संस्थेने २०१८ साली दहा दिवसांत सुमारे तीनशे तासांचे माओरी वाचन जमवले. परंतु तो संग्रह कंपन्यांच्या स्वाधीन केला नाही. स्वतंत्र परवाना तयार करून त्यात पालकत्वाचे तत्त्व ठेवले: भाषेची विदा, म्हणजेच डेटा, समाजाची ठेव असून तिचा वापर समाजाच्या हितासाठीच व्हावा.

आपल्या कायद्यात काय आहे? २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा व्यक्तीचे अधिकार मानतो. समाजाच्या सामूहिक अधिकाराची तरतूद त्यात नाही. तरीही सामूहिक हक्क ही कल्पना भारतीय कायद्याला अपरिचित नाही. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(ट) मध्ये जैवविविधता व सांस्कृतिक विविधता यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य झाला आहे. संविधानाचे कलम २९(१) आपली भाषा जतन करण्याचा हक्क देते. या दोन तरतुदींच्या आधारे मागणी उभारता येते.

आमची मागणी अशी: ध्वनिमुद्रणापूर्वी व्यक्तीच्या संमतीबरोबर ग्रामसभेपुढे हेतू मांडला जावा, बोलीचे नाव बोलणाऱ्यानेच सांगावे, संग्रहाची प्रत तहसिलीच्या वाचनालयात राहावी, आणि व्यापारी वापराच्या अटी आधी ठरवाव्यात. खुला केलेला आवाज परत बोलावता येत नाही, म्हणून हे सारे आरंभीच व्हावे.

हा न्याय आमच्यापुरता मागणे अनुचित ठरेल. गोंडी आणि कोरकू बोलणारे शेजारी या भूमीचे आमच्याही आधीचे रहिवासी आहेत. नागपूर वसवणारा बख्त बुलंद देवगडचा गोंड राजा होता. त्यांच्या भाषेच्या नोंदीचा निर्णय त्यांनीच घ्यावा. तेथे मराठी माणसानेही मोजमाप करणाऱ्याच्या खुर्चीत बसू नये. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला आहे. त्याच्या बोलींची नोंद तरी आता बोलणाऱ्यांच्या हातून व्हावी.