चुकलेल्या कौलाचे उत्तर कागदावरच होते: भारांकनाची कथा

१/ १९३६. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. २३ लाखांहून अधिक भरून परत आल्या. १९१६ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीचा विजेता अचूक सांगणाऱ्या या साप्ताहिकाने जाहीर केले : आल्फ्रेड लँडन जिंकणार, फ्रँकलिन रूझवेल्ट हरणार.

२/ प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते मिळाली. ४८ पैकी ४६ राज्ये त्यांनी जिंकली. १९३८ साली साप्ताहिकाचे स्वतंत्र अस्तित्वही संपले.

३/ नावे प्रामुख्याने दूरध्वनीच्या सूची आणि मोटारींच्या नोंदवह्यांतून घेतली होती. महामंदीच्या दिवसांत हा वर्ग तुलनेने सुस्थितीतला. शिवाय चौघांपैकी जेमतेम एकाने उत्तर दिले. संख्या प्रचंड, पण चित्र कललेले.

४/ तथापि एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९३२ साली मत कोणाला दिले होते, हेही त्याच पाहणीत विचारले होते. आणि त्या निवडणुकीचा खरा निकाल सर्वांना ठाऊक होता. दोन्हींची तुलना केली असती, तर कल उघडा पडला असता.

५/ अशा तुलनेतूनच ‘भार’ निघतो. समजा, एका गटाचा समाजातील वाटा ६० टक्के, पण उत्तरे देणाऱ्यांत ४० टक्के. मग त्याचे प्रत्येक उत्तर ६०/४०, म्हणजे १.५ धरायचे, उरलेल्यांचे ४०/६०, म्हणजे सुमारे ०.६७.

६/ २०१७ साली शॅरन लोर आणि मायकेल ब्रिक या संख्याशास्त्रज्ञांनी १९३२ च्या मतांनुसार जुन्या आकड्यांना भार दिले. विजेते ठरले रूझवेल्ट! मताधिक्य मात्र प्रत्यक्षापेक्षा कमीच आले. जे विचारलेच नव्हते, ते भारांनी भरून निघाले नाही.

७/ वय, लिंग, प्रदेश अशी अनेक प्रमाणे एकाच वेळी जुळवायची तर? एक जुळवावे, मग दुसरे, की पहिले पुन्हा बिघडते. म्हणून फेऱ्या चालू ठेवायच्या. १९४० च्या अमेरिकी जनगणनेच्या कामातून डेमिंग आणि स्टीफन यांनी ही पद्धत मांडली.

८/ आज ‘आर’ या संगणकप्रणालीतील ‘सर्व्हे’ हे पॅकेज त्या फेऱ्या क्षणात पूर्ण करते. भार असमान असतील तर अंदाजातील अनिश्चितता साधारणतः वाढते. तिचाही हिशेब ते मांडते. मात्र कोणते प्रमाण जुळवायचे, हे माणसालाच सांगावे लागते.

९/ २०१६ साली अमेरिकेतील अनेक राज्यस्तरीय चाचण्यांनी शिक्षणानुसार भार दिले नव्हते. उत्तरे देणाऱ्यांत पदवीधर अधिक होते, आणि त्यांचा कल हिलरी क्लिंटन यांच्याकडे होता. अंदाज पुन्हा घसरले. १९३६ मध्ये संगणक नव्हता. २०१६ मध्ये होता. राहून गेली ती जुनीच तुलना : उत्तर देणारे कोण, आणि समाज कोण?