पदाकडून संवादाकडे : ज्योत्स्ना भोळे यांचे नाट्यगायन

ज्योत्स्ना भोळे यांचे निधन 5 ऑगस्ट 2001 रोजी झाले. गोड गळ्याची गायिका आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या आरंभीच्या अभिनेत्रींपैकी एक, अशा दोन नात्यांनी त्यांचे स्मरण सहसा केले जाते. हे दोन्ही उल्लेख यथार्थ आहेत; परंतु गाण्यासाठी थांबणारे मराठी नाटक गाणे सुरू असतानाही पुढे जाऊ लागले, या स्थित्यंतरातील त्यांचा वाटा त्यांत पुरता येत नाही.

1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगमंचावर आणले, तेव्हापासून पद, म्हणजे पात्राच्या तोंडी घातलेली गेय रचना, हा संगीत नाटकाचा कणा होता. 'सौभद्रा'त शंभराहून अधिक पदे होती. पुढे रागदारीचा विस्तार वाढत गेला आणि 'वन्स मोअर' आला, की ऑर्गनवर पुन्हा सूर धरला जाई, तबला नव्याने सुरू होई आणि समोरचे पात्र, प्रसंग प्रेमाचा असो वा शोकाचा, गाणे संपेपर्यंत ताटकळत राही. स्त्रीभूमिका पुरुष करीत. भाऊराव कोल्हटकर आणि बालगंधर्व यांनी त्या परंपरेला असे वैभव दिले, की स्त्रीने स्त्रीची भूमिका करावी ही साधी गोष्टही प्रेक्षकांना दीर्घकाळ अनावश्यक वाटली. हिराबाई बडोदेकरांनी 1930च्या आसपास स्वतःच्या मंडळीतर्फे रंगमंचावर पाऊल ठेवले, ते या पार्श्वभूमीवर.

ज्योत्स्नाबाईंचा जन्म 11 मे 1914 रोजी गोव्यातील बांदोडे येथे झाला. माहेरच्या त्या दुर्गा केळेकर. त्यांची थोरली बहीण गिरिजाबाई केळेकर याही गायिका-अभिनेत्री होत्या. संगीतकार आणि साक्षेपी संगीतसमीक्षक केशवराव भोळे यांच्याशी झालेला विवाह त्यांच्या कलाजीवनाला निर्णायक ठरला. श्री. वि. वर्तक, के. नारायण काळे, पार्श्वनाथ आळतेकर, अनंत काणेकर आणि केशवराव हे 'नाट्यमन्वंतर' या संस्थेत एकत्र आले आणि 1 जुलै 1933 रोजी त्यांनी 'आंधळ्यांची शाळा' सादर केले. नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावर आधारलेल्या या नाटकात स्त्रीकडून अपेक्षिले जाणारे चारित्र्य पुरुषाकडूनही का मागू नये, असा प्रश्न होता. असा प्रश्न पुरुष नटाने लुगडे नेसून विचारला असता, तर त्याची धार निश्चितच बोथट झाली असती. बिंबाची भूमिका ज्योत्स्नाबाईंनी केली. गाणी मोजकी, आटोपशीर आणि प्रसंगातून उगवलेली होती, आणि त्यांची चाल भावगीताला, म्हणजे शब्दातील भाव प्रधान मानून रागविस्तार आवरता घेणाऱ्या गायनप्रकाराला, जवळची होती.

ही वाट प्रायोगिक वर्तुळापुरती राहिली नाही, याचे श्रेय मो. ग. रांगणेकरांच्या 'नाट्यनिकेतन' या संस्थेकडे जाते. 1942 मधील 'कुलवधू' या नाटकात ज्योत्स्नाबाई भानुमती झाल्या; चित्रपटात काम करून नाव मिळवणारी आणि त्यामुळेच नवऱ्याच्या दुखावलेल्या अभिमानाला सामोरी जाणारी ही नायिका मध्यमवर्गीय प्रेक्षकांना आपल्याच घरातली वाटली. मास्टर कृष्णरावांनी दिलेल्या चालींत शास्त्रीय गायनाची ताकद होतीच. त्या चाली गाताना ज्योत्स्नाबाईंनी शब्दाचा उच्चार कोठेही झाकोळू दिला नाही, तान घेतली तरी ती भानुमतीच्या मनःस्थितीपलीकडे जाऊ दिली नाही. 'बोला अमृत बोला' ही भैरवी घरोघरी पोहोचली ती याच संयमामुळे. गळ्यात सामर्थ्य असूनही ते राखून वापरणे हे भरघोस गाण्याहून अवघड असते, आणि टाळ्यांचा मोह समोर असताना तर अधिकच.

त्यांच्या पश्चात पुण्यातील हिराबागेजवळच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे आणि त्यांची ध्वनिमुद्रिते आजही सहज ऐकायला मिळतात. मात्र 'कुलवधू'तील पदे मैफलीतील सुटी गाणी म्हणून ऐकली, तर त्यांचे निम्मे मोल हरवते. नाट्यसंगीताच्या अभ्यासकांनी ती 'कुलवधू'ची संहिता शेजारी ठेवून, प्रसंगासह ऐकावीत.