बेलापूर पट्टीतील दंतघर्षण

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वकाठावर आज ज्या नगराला आपण नवी मुंबई म्हणतो, ते १९७० साली सिडकोची स्थापना होऊन जमिनीच्या संपादनाचे कागद गावोगावी फिरू लागण्यापूर्वी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांत विभागलेले, भातखाचरे आणि मिठागरे यांवर जगणाऱ्या आगरी-कोळ्यांचे खारे रान होते. दप्तरांत त्याचा सातबारा सापडतो. तेथील माणसे पहाटे उठून दात कशाने घासत, याची नोंद ठेवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. मला मात्र हा विषय महत्त्वाचा वाटतो, कारण गार पाण्याच्या घोटासरशी दातांतून जाणाऱ्या त्या तीव्र कळेचे मूळ पुष्कळदा या नित्यकर्मातच असते.

चुलीतली राखुंडी, जाडे मीठ, कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी ही साधने घरोघरची. पण बायकांच्या हाती विशेषेकरून असे ती मशेरी. लोखंडी तव्यावर तंबाखूची पाने काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची, ती चुरून बारीक पूड करायची, डबीत भरायची, आणि पडवीच्या कडेला उकिडवे बसून चिमूटभर पूड तर्जनीने दातांवर व हिरड्यांवर कितीतरी वेळ चोळत राहायचे. तलफ अशी जडते, की सकाळची मशेरी दुपारी आणि रात्रीही लागते.

राख आणि मिठाचे खडे दाताचे कवच झिजवतात, आणि एकदा झिजलेले कवच पुन्हा वाढत नाही. तंबाखूच्या नित्य स्पर्शाने हिरडी मागे सरते आणि मूळ उघडे पडते. या कवचाखालच्या दंतद्रव्यात द्रवाने भरलेल्या सूक्ष्म नलिका असतात. थंड, गोड वा आंबट पदार्थ लागताच तो द्रव हलतो आणि आतल्या मज्जातंतूंना डिवचतो, ही उपपत्ती स्वीडनच्या ब्रेनस्ट्रोम यांनी १९६० नंतरच्या दशकात प्रयोगांनी दृढ केली. शीत, उष्ण व स्पर्श सहन न होणाऱ्या या विकाराला सुश्रुतसंहितेने दंतहर्ष म्हटले असून, दंतकाष्ठाचे टोक मृदू कुंचल्यासारखे करून, दंतमांसाला इजा न होऊ देता एकेक दात घासावा असा स्पष्ट निर्बंधही त्याच ग्रंथाने घातला आहे. इतका नेमका दंडक पदरी असताना आपल्या आयाबायांच्या वाट्याला तव्यावरची जळकी तंबाखू यावी, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

नवी मुंबई महानगरपालिका १९९२ च्या आरंभी अस्तित्वात आली. त्याच साली दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने कायद्याने मनाई केली. बाजारातल्या डब्यांवर तो हुकूम चालला, घरच्या तव्यावर चालणे कठीणच होते. पुढे खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग-संशोधन संस्था उभी राहिली, नेरूळ-बेलापुरात दंतमहाविद्यालयेही आहेत.

राखुंडी गेली, तरी दंतहर्ष गेलेला नाही. कडक ब्रश जोराने आडवा फिरवणारा हात तेच काम करतो. म्हणून ब्रश मऊ असावा, हात हलका असावा, आणि चिंच-कोकमाचे कालवण किंवा आंबट शीतपेय घेतल्यावर चूळ भरून अर्धा तास तरी दात घासू नयेत. पोटॅशियम नायट्रेट असलेल्या पेस्टचा गुण यायला काही आठवडे लागतात. परंतु कळ एकाच दातात येत असेल, किंवा थंडगार घोट गिळून झाल्यावरही रेंगाळत असेल, तर ती कीड वा तडा यांची असू शकते, आणि तेथे पेस्टवर विसंबून न राहता दंतवैद्याकडेच जावे.